लायब्ररी आहे, पण कोणत्या प्रोसेसरची?

या वेळी नागपूरहून आलेल्या पत्रांतले बहुतेक प्रश्न एकाच जातीचे निघाले. लॅपटॉपवर कंपाइल केलेला प्रोग्राम दुसऱ्या प्रोसेसरच्या बोर्डावर, म्हणजे रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावर, न्यायचा असतो आणि गाडी नेमकी लिंक करताना, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या जोडताना, अडते. म्हणून ते एकत्रच घेतले आहेत. कमांड, फाइलींची नावे आणि एररचे संदेश इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर ते रोमनमध्ये आणि लहान अक्षरांत टाइप करायचे. कॅपिटल हवे तिथे तसे म्हटले आहे. एन्व्हायर्नमेंट, मेक आणि सीमेकच्या व्हेरिएबलांची नावे आणि 'जीएलआयबीसी' मात्र सगळी कॅपिटलमध्येच.

प्रश्न : हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटं ऑटोमेशनचं काम आहे. वीज-मीटरचं रीडिंग एसक्यूलाइटमध्ये साठवणारा सी प्रोग्राम ६४-बिट रास्पबेरी पाय ४ साठी बिल्ड करून राहिलो आहे. लॅपटॉपवर उबंटू २२.०४. 'लिबएसक्यूलाइट३-डेव्ह' टाकलं, फाइल '/यूएसआर/लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू' मध्ये डोळ्यांनी दिसते, कॅपिटल एलचा पर्याय देऊन तो फोल्डरही दाखवला. तरी लिंकर म्हणतो, 'कॅनॉट फाइंड -एलएसक्यूलाइट३'. फाइल समोर असून सापडत नाही म्हणजे काय?

उत्तर : फाइल सापडली, पण लिंकरने ती नाकारली. 'कॅनॉट फाइंड'च्या वरची ओळ पाहा. तिथे 'स्किपिंग इनकम्पॅटिबल' असे लिहून त्याच फाइलचा पूर्ण पत्ता दिलेला असेल. लिंकरने फाइल उघडली, ती दुसऱ्या प्रोसेसरची असल्याचे पाहिले आणि पुढच्या फोल्डरात गेला. कुठेच जुळणारी फाइल मिळाली नाही तेव्हा शेवटी 'सापडत नाही' म्हणाला. आपण सगळे शेवटची ओळ कॉपी करून शोधत बसतो, आणि खरे कारण तिच्या डोक्यावर असते.

फाइल कोणाची आहे हे तिच्या पहिल्या वीस बाइटांतच लिहिलेले असते. लिनक्सवरचे प्रोग्राम आणि लायब्रऱ्या ज्या साच्यात असतात त्याचे नाव ईएलएफ. ईएलएफ फाइलचे पहिले चार बाइट ७एफ ४५ ४सी ४६. पाचवा बाइट १ असेल तर ३२-बिट, २ असेल तर ६४-बिट. शून्यापासून मोजल्यास १८ आणि १९ क्रमांकाच्या बाइटांत मशीनचा क्रमांक असतो: इंटेल-एएमडी ६४-बिटला ६२, एआर्च६४ ला (म्हणजे ६४-बिट आर्मला; डेबियन-उबंटूच्या पॅकेजांत याचेच नाव एआरएम६४) १८३, ३२-बिट आर्मला ४०, रिस्क-व्हीला २४३. हेक्समध्ये पाहिले तर तुमच्या फाइलीत '३ई ००' दिसेल आणि पायला हवे 'बी७ ००'. हाताने बाइट मोजायची गरज नाही, 'रीडएल्फ -एच' मधली 'मशीन' ही ओळ तेच सांगते.

'फाईल' ही कमांड वापरत असाल तर दोन खाचखळगे आहेत. 'लिबएसक्यूलाइट३.एसओ' ही मुळात सिमलिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारे नाव, असते, खरी फाइल '.एसओ.०.८.६'. त्यामुळे 'फाईल'ला कॅपिटल एलचा पर्याय दिला नाही तर ती नुसते 'सिम्बॉलिक लिंक टू' म्हणून मोकळी होते. आणि '.ए' म्हणजे स्टॅटिक लायब्ररी असेल तर ती 'करंट एआर आर्काइव्ह' एवढेच सांगते, प्रोसेसरबद्दल अवाक्षर नाही. तिथे 'रीडएल्फ -एच' चालवा, आतल्या प्रत्येक '.ओ' फाइलचे हेडर वेगळे छापून येते.

आता उपाय. पायसाठीची म्हणजे एआरएम६४ ची लायब्ररी लॅपटॉपवर शेजारी बसवायची. 'सुडो डीपीकेजी --अ‍ॅड-आर्किटेक्चर एआरएम६४' दिल्यावर लगेच 'एपीटी अपडेट' केलेत तर ४०४ च्या एररची रांग लागेल. उबंटूची इंटेलची पॅकेजेस 'आर्काइव्ह.उबंटू.कॉम'वर असतात आणि एआरएम६४ ची 'पोर्ट्स.उबंटू.कॉम'वर. एपीटीला हे कोणी सांगितलेले नसते. म्हणून '/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट'मधल्या आधीच्या प्रत्येक 'डेब' ओळीत चौकटी कंसात 'आर्च=एएमडी६४' घाला, आणि 'आर्च=एआरएम६४' असलेल्या नव्या ओळी पोर्ट्सच्या पत्त्यासह लिहा. फक्त 'जॅमी' लिहून थांबू नका, 'जॅमी-अपडेट्स' आणि 'जॅमी-सिक्युरिटी' याही हव्यात. एकाच लायब्ररीची दोन प्रोसेसरांची पॅकेजेस शेजारी बसवायची तर दोन्हींची आवृत्ती तंतोतंत एकच असावी लागते. लॅपटॉपवरची अपडेट झालेली आणि पोर्ट्सवरून येणारी मूळ असली, तर एपीटी 'अनमेट डिपेंडन्सीज' म्हणून अडून बसते.

मग 'एपीटी इन्स्टॉल क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-एआरएम६४ लिबएसक्यूलाइट३-डेव्ह:एआरएम६४'. 'वाय' दाबण्यापूर्वी एपीटी काय काढून टाकणार आहे ती यादी नक्की वाचा. काही डेव्ह-पॅकेजेस दोन प्रोसेसरांची एकत्र नांदत नाहीत, आणि एकाला आणताना दुसऱ्याला बाहेर काढले जाते. फाइल '/यूएसआर/लिब/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू'मध्ये आली की 'एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-जीसीसी' तिथे आपणहून पाहतो.

तुम्ही दिलेला कॅपिटल एलचा पर्याय काढून टाका. त्याने नुकसान झाले नाही, फक्त फेरी फुकट गेली. पण कोणी कॅपिटल आयचा पर्याय देऊन लॅपटॉपचे 'एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू'मधले हेडर दाखवले असतील, तर ते जास्त वाईट. चुकीची लायब्ररी लिंकर नाकारतो, चुकीचे हेडर कंपायलर निमूट गिळतो. 'लायब्ररी_पाथ' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचाही इथे उपयोग नाही. जीसीसी ते नेटिव्ह कंपायलर म्हणून बनवलेला असेल तरच पाहतो. आणि 'एलडी_लायब्ररी_पाथ' हे तर प्रोग्राम चालवतानाचे, लिंक करतानाचे नव्हे.

प्रश्न : लिंक झालं, एकही वॉर्निंग नाही. पायवर नेलं तर 'व्हर्जन जीएलआयबीसी_२.३४ नॉट फाउंड'. पायवर रास्पबेरी पाय ओएस बुल्सआय, ६४-बिट. साधा 'हॅलो वर्ल्ड'सुद्धा हेच म्हणतो! (वाडी)

उत्तर : प्रोसेसर जुळला, जीलिबसीचे, म्हणजे लिनक्सवरच्या मूळ सी लायब्ररीचे, वय जुळले नाही. उबंटू २२.०४ मध्ये जीलिबसी २.३५ आहे, बुल्सआय म्हणजे डेबियन ११ मध्ये २.३१. जुन्यावर बिल्ड केलेले नव्यावर चालते, उलटे चालेलच असे नाही. तुमच्या बाबतीत तर दरी नेमकी २.३४ ला पडली आहे. ऑगस्ट २०२१ च्या त्या आवृत्तीत पीथ्रेड आणि डीएल या लायब्रऱ्या मुख्य 'लिबसी.एसओ.६'मध्ये विलीन केल्या गेल्या, आणि 'मेन'ला हाक मारणाऱ्या '__लिबसी_स्टार्ट_मेन' या फंक्शनलाही २.३४ चा नवा शिक्का मिळाला. प्रत्येक सी प्रोग्रामची सुरुवात त्याच फंक्शनमधून होते, म्हणून 'हॅलो वर्ल्ड'ही सुटला नाही.

कोणत्या सिम्बॉलला (फंक्शन किंवा व्हेरिएबलच्या नावाला) कोणती आवृत्ती लागते हे बोर्डावर न जाताच कळते: 'ऑब्जडम्प -टी', टी कॅपिटल, आणि त्यातून 'जीएलआयबीसी' शब्दाच्या ओळी ग्रेपने गाळा. ऑब्जडम्प मात्र क्रॉस-टूलचेनमधला, म्हणजे दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड करणाऱ्या साधनांच्या संचातला, घ्या. सर्वांत मोठा आकडा बोर्डावरच्या 'एलडीडी --व्हर्जन'पेक्षा मोठा असला की कॉपी करायचे कष्ट वाचले.

अनेक जण इथे पायचा सगळा '/यूएसआर' आरसिंकने आणून ती नक्कल '--सिसरूट' म्हणून कंपायलरला देतात. मार्ग चुकीचा नाही, पण उबंटूच्या तयार क्रॉस-कंपायलरबरोबर तो फसवा ठरतो. हा कंपायलर सुरुवातीची 'सीआरटी१.ओ' आणि लिबसी '/यूएसआर/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू/लिब' या स्वतःच्या जागेतून आधी उचलू शकतो आणि २.३४ पुन्हा मागच्या दाराने आत येते. '--सिसरूट'सह '-प्रिंट-फाइल-नेम=सीआरटी१.ओ' देऊन पाहा. छापलेला पत्ता सिसरूटच्या आतला नसेल, तर सिसरूट फक्त नावाला आहे.

आमची शिफारस सरळ आहे. डॉकर किंवा पॉडमनमध्ये डेबियन ११ चा कंटेनर (लॅपटॉपच्या आतच चालणारी वेगळी, बंदिस्त लिनक्स-मांडणी) घ्या, त्यात 'क्रॉसबिल्ड-इसेन्शियल-एआरएम६४' आणि ':एआरएम६४' लावलेल्या लायब्रऱ्या टाका, आणि बिल्ड तिथेच करा. डेबियनमध्ये दोन्ही प्रोसेसरांची पॅकेजेस एकाच सर्व्हरवर असतात, त्यामुळे पोर्ट्सचा वरचा सगळा खटाटोप वाचतो. बोर्डावर बुकवर्म असेल तर डेबियन १२, तिथे जीलिबसी २.३६.

'-स्टॅटिक' देऊन सुटका करून घेण्याचा मोह होतो. छोट्या प्रोग्रामला चालून जाईल. पण 'गेटअ‍ॅड्रइन्फो' वापरत असाल, म्हणजे सर्व्हरचे नाव देऊन जोडणी करत असाल, तर लिंकर वॉर्निंग देतो की चालवताना त्याच आवृत्तीची जीलिबसी लागेल. म्हणजे फिरून तिथेच.

प्रश्न : तुम्ही नेहमी सांगता तसं डेबियन ११ च्या कंटेनरमध्ये गेलो. आता 'अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीएलओपन' आणि 'पीथ्रेड_क्रिएट'. मेकफाइल तीच, लॅपटॉपवर बिनतक्रार चालते. काहून? (प्रतापनगर)

उत्तर : वरच्या उत्तरातच याचे मूळ आहे. लॅपटॉपच्या २.३५ मध्ये ही दोन्ही फंक्शने लिबसीतच असतात. २.३१ मध्ये ती वेगळ्या लायब्रऱ्यांत आहेत, त्यांची नावे द्यावी लागतात: '-पीथ्रेड' आणि '-एलडीएल'. नव्या जीलिबसीत त्या नावांच्या रिकाम्या '.ए' फाइली मुद्दाम ठेवलेल्या आहेत, त्यामुळे हे पर्याय कायमचे मेकफाइलमध्ये राहिले तरी कुठेच अडत नाही.

पण कुठे लिहिता ते महत्त्वाचे. लिंकर ओळ डावीकडून उजवीकडे वाचतो. हातात राहिलेल्या नावांची यादी घेऊन तो पुढे सरकतो, आणि '.ए' लायब्ररी आली की त्या क्षणी यादीत असलेल्या नावांपुरत्याच '.ओ' फाइली तिच्यातून काढून घेतो. लायब्ररी आधी आणि 'मेन.ओ' नंतर लिहिलेत, तर यादी करायच्या आधीच कॉटन मार्केटमधून चक्कर मारून आल्यासारखे होते. पिशवी रिकामीच.

'एनएम' कमांड ही यादी उघडी करून दाखवते. 'एनएम लिबएसक्यूलाइट३.ए' मधून डीएलओपन शोधा. नावाआधी कॅपिटल यू दिसेल, म्हणजे 'मला हवे आहे'. 'एनएम लिबडीएल.ए' मध्ये त्याच नावाआधी कॅपिटल टी किंवा डब्ल्यू दिसेल, म्हणजे 'माझ्याकडे आहे'. यू असलेली डावीकडे, टी असलेली उजवीकडे. दोन लायब्रऱ्या एकमेकींकडे मागत असतील तर त्यांना '-डब्ल्यूएल,--स्टार्ट-ग्रुप' आणि '-डब्ल्यूएल,--एंड-ग्रुप' यांच्यामध्ये ठेवा. यांतला पहिला डब्ल्यू कॅपिटल.

मेकच्या तयार नियमात 'एलडीफ्लॅग्ज' ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतो आणि 'एलडीलिब्ज' नंतर. म्हणून '-एल...'वाली सगळी नावे एलडीलिब्जमध्येच जायला हवीत. उबंटूच्या जीसीसीत '--अ‍ॅज-नीडेड' आपोआप चालू असते, त्यामुळे तिथे क्रम चुकला तर '.एसओ' लायब्ररीही गाळली जाते. डेबियनमध्ये तसे नाही. 'त्याच्याकडे चालतं, माझ्याकडे नाही' या भांडणांमागे बरेचदा एवढेच असते.

प्रश्न : काटोल रोडवरच्या एका संत्रा-प्रतवारी युनिटसाठी कॅमेऱ्याचा प्रोग्राम केला. बोर्ड पाय ४. 'यूनेम -एम' एआर्च६४ सांगतो म्हणून एआर्च६४ साठीच कंपाइल केला. चालवला तर 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी'. 'एलएस' केलं की फाइल तिथंच. परवानगी ७५५ आहे. लॅपटॉपवर 'एलडीडी' लावलं तर म्हणतो 'नॉट अ डायनॅमिक एक्झिक्युटेबल'. डोकं बधिर होऊन राहिलं आहे.

उत्तर : जी फाइल नाही असे म्हटले जात आहे, ती तुमची नव्हे. प्रत्येक डायनॅमिक प्रोग्रामच्या आत त्याच्या लोडरचा पत्ता कोरलेला असतो, आणि कर्नलला तो लोडर मिळालेला नाही. 'रीडएल्फ -एल' मध्ये 'इंटरप्रिटर' शब्द असलेली ओळ पाहा, '/लिब/एलडी-लिनक्स-एआर्च६४.एसओ.१' असे दिसेल. बोर्डावर ती आहे का ते पाहा. बहुधा तिथे '/लिब/एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.३' निघेल.

कारण 'यूनेम' कर्नलबद्दल बोलतो, त्यावर बसवलेल्या लायब्रऱ्यांबद्दल नाही. ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस आता पाय ४ वर ६४-बिट कर्नल सुरू करते, लायब्रऱ्या मात्र ३२-बिटच राहतात. खरे उत्तर 'डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर' देते. 'आर्मएचएफ' (३२-बिट आर्म) आले तर 'आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ-जीसीसी'ने पुन्हा बिल्ड करा, किंवा कार्डावर ६४-बिट ओएस टाका. कॅमेऱ्याच्या प्रतिमांवर काम करायचे असेल तर आम्ही दुसरा पर्याय निवडू.

लॅपटॉपच्या 'एलडीडी'वर जाऊ नका. परक्या प्रोसेसरचा प्रोग्राम दिसला की तो हेच म्हणतो. कोणत्या लायब्रऱ्या लागतात ते 'रीडएल्फ -डी' मधल्या 'नीडेड' ओळींत वाचा.

अशा वेळी एरर कोणाच्या तोंडून आला ते ओळखले की अर्धे काम होते. 'अनडिफाइन्ड रेफरन्स' आणि 'कॅनॉट फाइंड' म्हणतो तो लिंकर, म्हणजे दोष तुमच्या लॅपटॉपवर. 'एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज' किंवा 'राँग ईएलएफ क्लास' म्हणतो तो लोडर, म्हणजे दोष बोर्डावरच्या लायब्रऱ्यांत. 'एक्झेक फॉर्मॅट एरर' हे कर्नलचे म्हणणे: हा प्रोसेसरच माझा नाही. आणि 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' आला तर कुळ बरोबर, पिढी चुकली.

या शेवटच्याचे ठरलेले गिऱ्हाईक म्हणजे पहिला पाय झीरो. तो एआरएमव्ही६. डेबियन-उबंटूचा आर्मएचएफ मात्र एआरएमव्ही७ साठी बनलेला. '-मार्च=एआरएमव्ही६' देऊन फक्त तुमचा कोड बदलतो, सीआरटी आणि लिबजीसीसी (जीसीसीची मदतनीस लायब्ररी) व्ही७ चेच चिकटतात. त्याला खास रास्पबियनसाठी बनवलेली टूलचेन लागते. झीरो २ डब्ल्यूला हा त्रास नाही.

प्रश्न : वजनकाट्याच्या पुरवठादाराने सोर्स न देता फक्त '.ए' फाइल दिली. लिंक करताना 'यूझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स ... डझ नॉट' आणि 'फेल्ड टू मर्ज टार्गेट स्पेसिफिक डेटा'. इंटरनेटवर '--नो-वॉर्न-मिसमॅच' द्या असं लिहिलंय. देऊ का? (बुटीबोरी)

उत्तर : देऊ नका. दोन्ही फाइली ३२-बिट आर्मच्याच आहेत, पण दशांश संख्या एकमेकींना कशी द्यायची याचा करार वेगळा आहे. तुमच्या हार्ड-फ्लोट कोडात 'डबल' संख्या डी० या फ्लोटिंग रजिस्टरमधून जाते. त्यांच्या सॉफ्ट-फ्लोट कोडाला ती आर० आणि आर१ या साध्या रजिस्टरांत हवी असते. लिंकरचे तोंड बंद केले तर प्रोग्राम तयार होईल, चालेलही. पण तुम्ही ७२.५ किलो दिले आणि समोरच्याने आर० मध्ये जे काही पडले होते ते वाचले, असे होईल. वजनकाट्यात याचा अर्थ काय ते सांगायला नको.

'रीडएल्फ -ए', ए कॅपिटल, लावून 'टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज' ही ओळ शोधा. 'व्हीएफपी रजिस्टर्स' असेल तर हार्ड, ओळच नसेल तर सॉफ्ट. '-एमफ्लोट-एबीआय=सॉफ्टएफपी' दिल्यानेही सुटत नाही. ती तुमच्या फाइलीला त्यांच्या बाजूला नेते, मग बोर्डावरच्या बाकी सगळ्या आर्मएचएफ लायब्रऱ्या भांडायला उठतात.

पुरवठादाराकडे लेखी मागा: जीएनयूईएबीआयएचएफचा बिल्ड, आणि सोबत त्यांच्या जीसीसीची आवृत्ती. तो येईपर्यंत एक तोड आहे. त्यांची '.ए' फक्त एका छोट्या प्रोग्रामात घ्या, तो 'आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआय-जीसीसी'ने '-स्टॅटिक' बिल्ड करा, आणि वजन पाइपमधून मजकूर म्हणून मुख्य प्रोग्रामला द्या. मजकुराला रजिस्टरचा करार लागत नाही.

प्रश्न : सीमेक हे बिल्ड लावणारं टूल लॅपटॉपचीच लायब्ररी उचलत होतं. म्हणून एक तयार टूलचेन फाइल लावली. आता कुठलीच सापडत नाही. (मानेवाडा)

उत्तर : त्या फाइलीत 'सीमेक_फाइंड_रूट_पाथ' ला '/यूएसआर/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू' दिलेले असेल आणि लायब्ररीच्या मोडला 'ओन्ली'. म्हणजे शोध त्या एका फोल्डरात कोंडला. तिथे फक्त लिबसी आणि तिची भावंडे राहतात. ':एआरएम६४' ने आणलेल्या लायब्रऱ्या '/यूएसआर/लिब/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू'मध्ये असतात, नाव सारखे पण घर वेगळे. अशा मांडणीत रूट-पाथ आणि ओन्लीच्या ओळी काढून टाका. 'सीमेक_सिस्टिम_नेम' लिनक्स (एल कॅपिटल), 'सीमेक_सिस्टिम_प्रोसेसर' एआर्च६४ आणि सी व सी++ च्या क्रॉस-कंपायलरांची नावे एवढे पुरते. बाकीचे सीमेक कंपायलरलाच विचारून घेते. रूट-पाथ आणि ओन्ली हवेत ते वेगळा सिसरूट असेल तेव्हा, आणि त्या वेळी 'प्रोग्राम' मोडला 'नेव्हर' ठेवा, नाहीतर ते पायचा पायथन लॅपटॉपवर चालवू पाहील.

बिल्डचे फोल्डर पूर्ण उडवा. टूलचेन फाइल पहिल्याच फेरीत वाचली जाते. जुन्या कॅशवर ती लावून उपयोग नसतो, आणि एकदा सापडलेली चुकीची लायब्ररी कॅशमध्ये ठाण मांडून बसते.

पीकेजी-कॉन्फिग, म्हणजे लायब्ररीचा पत्ता आणि पर्याय सांगणारे टूल, हा दुसरा चोरदरवाजा. 'पीकेजी_कॉन्फिग_पाथ' फक्त यादीत भर घालतो, लॅपटॉपचे फोल्डर तसेच राहते. 'पीकेजी_कॉन्फिग_लिबडिर' मूळ यादीच बदलतो. त्यात '/यूएसआर/लिब/एआर्च६४-लिनक्स-जीएनयू/पीकेजीकॉन्फिग' आणि कोलन देऊन '/यूएसआर/शेअर/पीकेजीकॉन्फिग' लिहा. मग 'पीकेजी-कॉन्फिग --व्हेरिएबल=लिबडिर एसक्यूलाइट३' काय छापते ते पाहा.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टला सी-डॅकच्या थेजस३२ चा बोर्ड आहे. 'एबीआय इज इनकम्पॅटिबल विथ दॅट ऑफ द सिलेक्टेड एम्युलेशन' येतं. टूलचेनच्या नावात ६४ आहे, म्हणून का?

उत्तर : नाव सोडा. 'रिस्कव्ही६४-अननोन-ईएलएफ-जीसीसी' ३२-बिटचा कोडही काढतो. थेजस३२ हा आरव्ही३२आयएम, म्हणजे ३२-बिट रिस्क-व्ही, आहे, म्हणून '-मार्च=आरव्ही३२आयएम -एमएबीआय=आयएलपी३२' हे दोन्ही पर्याय कंपाइल करताना आणि लिंक करताना, दोन्ही वेळा द्या. तुम्ही लिंकसाठी थेट 'एलडी' वापरत आहात असे दिसते. त्याचा मूळ कल ६४-बिटकडे असतो. लिंकही जीसीसीकडूनच करून घ्या, तो योग्य लिबजीसीसी निवडतो. जीसीसी १२ किंवा नवा असेल आणि 'सीएसआरआर' या प्रोसेसरच्या सूचनेवर अडला, तर '-मार्च=आरव्ही३२आयएम_झेडआयसीएसआर' लिहा. उबंटूच्या या पॅकेजबरोबर सी लायब्ररी येत नाही. 'एसटीडीआयओ.एच' सापडत नसेल तर पिकोलिबसी या छोट्या सी लायब्ररीचे पॅकेज वेगळे टाकावे लागते.

प्रश्न : अँड्रॉइड अ‍ॅप इम्युलेटरवर चालतं, फोनवर 'हॅज अनएक्स्पेक्टेड ई_मशीन: ६२'. (धरमपेठ)

उत्तर : ६२ कोण ते पहिल्या उत्तरात आले आहे. इम्युलेटरसाठीची इंटेलची '.एसओ' तुमच्याकडून 'जेएनआयलिब्ज/एआरएम६४-व्ही८ए' फोल्डरात पडली आहे. एनडीकेने (अँड्रॉइडसाठी सी-सी++ बिल्ड करण्याच्या संचाने) एआरएम६४ साठी बिल्ड करून तिथे ठेवा. पायवरची एआर्च६४ लायब्ररी उचलून टाकू नका. प्रोसेसर एकच असला तरी अँड्रॉइडची लिबसी बायोनिक आहे, तिथे 'लिबसी.एसओ.६' नावाची फाइलच नसते. आणि आता बिल्ड करताच आहात तर 'रीडएल्फ -एल' मध्ये 'लोड' ओळींचे अलाइनमेंट ०एक्स४००० आहे का तेही पाहा. अँड्रॉइड १५ पासून १६ केबी पेजच्या फोनांना आधार मिळाला आहे. एनडीके आर२८ हे आपणहून करतो, जुन्यात '-डब्ल्यूएल,-झेड,मॅक्स-पेज-साइज=१६३८४' द्यावे लागते.

प्रश्न : एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा पायवरच कंपाइल करू नये का?

उत्तर : दोन-चार फाइलींचा प्रोग्राम असेल तर जरूर करा, वरचे निम्मे प्रश्न पडणारच नाहीत. ओपनसीव्हीसारखे काही असेल तर २ जीबीच्या बोर्डावर 'मेक -जे४' अर्ध्यात 'किल्ड' म्हणून मरते. मेमरी संपलेली असते, '-जे२' करा आणि स्वॅप वाढवा. एआरएमव्ही६ वर '__अ‍ॅटॉमिक_लोड_८' सापडत नाही असे आले तर ओळीच्या शेवटी '-एलअ‍ॅटॉमिक' जोडा, तो प्रोसेसर ६४-बिटची ती क्रिया लायब्ररीकडून करून घेतो. राहिला नागपूरचा मे महिना. पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोचला की आपला वेग कमी करायला लागतो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये बंद डब्यातल्या बोर्डाला तिथे पोचायला वेळ लागत नाही. 'व्हीसीजेनसीएमडी मेझर_टेम्प' तापमान दाखवते. 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ने ०एक्स० सोडून दुसरे काही छापले, तर मेकफाइलला दोष देण्याआधी पंखा आणि पॉवर सप्लाय तपासा.